दोन जिवांची बाई आणि जेवणाची वेळ

१८२४ साली बर्लिनच्या बेनेविट्झ नावाच्या तरुण वैद्यकाने आपल्या प्रबंधात एका गर्भवतीची हकीकत नोंदविली. तिची तहान भागेना, लघवीत साखर उतरे. १२ पौंडांचे मूल जन्मताना दगावले आणि बाळंतपणानंतर साखर मात्र नाहीशी झाली. गर्भारपणातल्या मधुमेहाची ही फार जुनी नोंद होय.

पुढे १९२१-२२ मध्ये इन्शुलिन आले. १९६४ मध्ये बोस्टनला ओसलिव्हन व मॅहन यांनी ७५२ गर्भवतींच्या रक्तचाचण्यांवरून निदानाची मोजपट्टी ठरविली.

आता डॉक्टर 'किती खाल्ले?' याच्या जोडीला 'केव्हा खाल्ले?' हेही विचारतात. वारेतली संप्रेरके इन्शुलिनचा जोर कमी करतात, आणि सकाळी तो बहुधा अधिकच कमी पडतो. म्हणून न्याहारी बेताची, जेवणे ठरल्या वेळी, मध्ये थोडे खाणे. अपुऱ्या झोपेचाही वाढत्या साखरेशी संबंध आढळला आहे.

आपल्याकडे काय होते पाहा. दोन जिवांची म्हणून सुनेचे ताट भरायचे, पण ते रात्री सर्वांच्या मागून. आणि पहाटे आधी उठायचे तिनेच! हे पथ्य तिला एकटीला पाळता येणार नाही. त्यासाठी साऱ्या घराचेच वेळापत्रक बदलायला हवे.