अधिकार आणि आसन

महाड तालुक्यातील शिवथरघळ हे 'दासबोधा'चे जन्मस्थान, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही घळ उजेडात आणली आणि समर्थ सांगताहेत, कल्याण लिहितो आहे, हे चित्र मराठी मनात ठसले. सांगणारा एक, ऐकणाराही एक. ग्रंथ उघडावा तर पहिल्याच समासात प्रश्न विचारतात ते श्रोते, तेही अनेकवचनी! एकाला सांगितलेले सर्वांचे कसे होते, हा प्रश्न जितका वाङ्मयाचा तितकाच योगविद्येच्या इतिहासाचाही आहे. 'व्यक्तिगत योगशिक्षण' हे शब्द आज शुल्कपत्रकावर दिसतात म्हणून नवे वाटतात, इतकेच.

पाचव्या दशकात समर्थ गुरू आणि शिष्य यांची लक्षणे सांगतात आणि पुढे बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशा पायऱ्या लावतात. शिकणारा कोठे उभा आहे, हे आधी पाहायचे. स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' याबाबत अधिक व्यवहारी आहे. धौती, बस्ती वगैरे षट्कर्मे मेद आणि कफ अधिक असलेल्याने प्राणायामापूर्वी करावीत, इतरांना त्यांची गरज नाही, असे ती सांगते. ही वैद्याची दृष्टी झाली. तरुण, वृद्ध, रोगी, दुर्बळ या सर्वांना अभ्यासाने सिद्धी मिळते, असा दिलासा तोच ग्रंथ देतो आणि ही विद्या गुप्त ठेवावी, असेही बजावतो.

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. 'अधिकार' या एका शब्दात दोन अर्थ नांदत आले. एक तयारीचा: याचे शरीर, याचे वय, याचा आजार काय? दुसरा जन्माचा: हा कोणाच्या पोटी आला? पहिल्या अर्थाने गुरू शिष्याला निरखतो. दुसऱ्या अर्थाने त्याच्याकडे न पाहताच दार लावतो. कुंडलिनीचे वर्णन सहाव्या अध्यायात मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांनी हे दार किलकिले केले, पण समाजव्यवहारात ते फारसे उघडले नाही.

याची साक्ष महाडलाच मिळते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. पुढे २५ डिसेंबरला तेथेच डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. जन्मसिद्ध अधिकारावर इतका थेट घाव मराठी मुलखात त्यापूर्वी क्वचितच पडला असेल. त्याच मार्चच्या अखेरीस गांधीजी रक्तदाबाने आजारी पडले. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद त्यांना पत्रांतून आसनांविषयी सल्ला देत होते. गुरूसमोर बसण्याची अटही येथे सुटली. दोन्ही घटना एका वर्षीच्या, हा योगायोग. तो अधिक ताणू नये. पण व्यक्तीनुसार शिक्षण कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न दोन्ही घटना शेजारी ठेवल्यावर टोचतो.

त्याला शिक्षणशास्त्रीय उत्तर शोधले ते बी. के. एस. अय्यंगार यांनी. मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी बालपण पोखरलेले. मैसूरला मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे शिकून १९३७ मध्ये ते पुण्यास आले. (कृष्णमाचार्यांच्या उत्तरायुष्यातील व्यक्तिनिष्ठ पद्धती त्यांचे पुत्र देशिकाचार यांनी चेन्नईत पुढे नेली, ती धारा निराळी.) व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांना अय्यंगार १९५२ मध्ये मुंबईत भेटले. मग युरोपची दारे उघडली. खासगी शिष्यांची ही मालिका भरजरी खरी. आम्हांला मात्र त्यांच्या दोऱ्या, पट्टे, विटा, घोंगड्या आणि घडीच्या खुर्च्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. ज्याचा हात पायापर्यंत पोचत नाही त्याला अपात्र न ठरवता मध्ये पट्टा द्यायचा. अधिकाराची जुनी परीक्षा येथे उलटी होते: आसन शिष्याकडे येते.

'लाइट ऑन योगा' (१९६६) या ग्रंथाच्या परिशिष्टात त्यांनी आजारवार आसनांच्या याद्याच छापल्या. पुढे १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली. तेथील उपचारवर्गात एकाच दालनात अनेक जण असतात. कोणी दोरीला लोंबलेला, कोणी खुर्चीवर वाकलेला, कोणी लोडावर उताणा. वर्ग एकच, मांडणी मात्र ज्याची त्याची.