सुरक्षित कागद आणि भोसरीचं कर्ज

मागच्या वेळी आपण बँका बुडण्याबद्दल बोललो. बँक बुडत नाही पण आखडते, तेव्हा काय होतं ते आज पाहू. आपण भोसरीत बसलोय, तर उदाहरणही जवळचंच घेऊ, बँक ऑफ महाराष्ट्रचं. 1935 साली पुण्यात स्थापन झालेली, 1969 मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ही बँक. थकीत कर्जं वाढली म्हणून जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिला 'पीसीए'खाली, म्हणजे तातडीच्या सुधारणांच्या बंधनाखाली आणलं.

आता हिशेब बघा. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला 100 रुपये कर्ज दिलं आणि त्याची जोखीम पूर्ण धरली, तर बँकेला त्यापोटी किमान 9 रुपये स्वतःचं भांडवल ठेवावं लागतं, वर थोडी राखीव. तेच 100 रुपये केंद्र सरकारच्या रोख्यात घातले, तर कर्ज बुडण्याच्या जोखमीपोटी शून्य. भांडवल आटलं की ट्रेझरीचा हात आपोआप रोख्यांकडे जातो. सीएनसी मशीनसाठी अर्ज केलेल्या कारखानदाराचा एकही हप्ता चुकलेला नसतो, तरी फाइल हलत नाही. कारण भांडवलाच्या हिशेबात तो महाग पडतो.

पण शून्य म्हणजे जोखीमच नाही, असं समजू नका. 2017 च्या मध्यावर दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता. मार्च 2018 च्या सुरुवातीला तो पावणेआठच्या घरात गेला. परतावा वाढला की जुन्या रोख्याचा भाव पडतो. एक टक्का वाढला तर शंभराचा रोखा साधारण 93 वर येतो. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून नोंदवलेल्या रोख्यांवर हा तोटा वहीत दिसत नाही. विक्रीसाठी ठेवलेल्यांवर दाखवावा लागतो, आणि तो भांडवल खातो! चटका अनेक बँकांना बसला. 2 एप्रिल 2018 ला रिझर्व्ह बँकेनं तो तोटा चार तिमाह्यांत विभागायची मुभा दिली. आमच्या मते नियमाची धार तेव्हा बोथट झाली.

सरकारनं ऑक्टोबर 2017 मध्येच पुनर्भांडवलीकरण रोखे जाहीर केले होते. बँकेनं सरकारचे रोखे घ्यायचे, सरकारनं त्याच पैशातून बँकेचे शेअर घ्यायचे. गंमत वाटते, पण भांडवल त्यातूनच उभं राहिलं. 31 जानेवारी 2019 ला बँक अटींसह पीसीएतून बाहेर आली.

मधले वीस महिने चाकणच्या गाड्यांना सुटे भाग देणाऱ्याची ऑर्डर काही थांबत नाही. असा माणूस जास्त व्याज देऊन वित्त कंपनीकडे जातो. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएसनं हप्ते थकवल्यावर तिथलाही पैसा आटला.