लिंकफ्लोट

१९९० नंतरची दोन दशके औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषेचे प्रात्यक्षिक म्हटले की टर्बो सीचा निळा पडदा ठरलेला. पुस्तकांची नावे, किमती आणि पाने साठवणारा स्ट्रक्चरचा प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होई. चालवून पहिली किंमत भरली, की तो कोसळे: ‘फ्लोटिंग पॉइंट फॉर्मॅट्स नॉट लिंक्ड’.

चूक विद्यार्थ्यांची नव्हती. ६४० केबी मेमरीच्या जमान्यात टर्बो सी या बोरलँडच्या कंपाइलरला काटकसर करणे भागच होते. अपूर्णांक हाताळणारा भाग जागा खाई, म्हणून गरज दिसली तरच तो जोडला जाई. आणि स्ट्रक्चरच्या अ‍ॅरेतला फ्लोट, म्हणजे अपूर्णांक साठवणारा घटक, कंपाइलरच्या नजरेतून निसटे.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने यावरचा तोडगा हजारो विद्यार्थ्यांपर्यंत नेला. लिंकफ्लोट नावाचे चिमुकले फंक्शन लिहायचे: एक फ्लोट, एक पॉइंटर, पत्ता घ्यायचा आणि त्या पत्त्यावरची किंमत परत वाचायची. ते कुठूनही कॉल होत नसे. फ्लोटचा पत्ता घेतलेला दिसला, की कंपाइलर हवा तो भाग जोडून देई, एवढेच या फंक्शनचे काम.

तोडगा चोख होता. पण टर्बो सीचा सोर्स बंद. मूळ दोष दुरुस्त करणे इथल्या कुणाच्याच हाती नव्हते. त्यामुळे तोडगाच प्रात्यक्षिकाच्या एका जर्नलमधून दुसऱ्या जर्नलमध्ये उतरत राहिला, त्यामागचे कारण विसरले गेले तरी. पुढे ६४ बिटी विंडोजवर टर्बो सी चालेना, तेव्हा डॉसबॉक्सची सोय झाली आणि जुना कंपाइलर टिकला.

खुल्या सोर्सच्या प्रकल्पांत अशा तोडग्याला स्वतःचे टिपण असू शकते, आणि हा फरक फार मोलाचा आहे. लिनक्स कर्नलमध्ये सीच्या पोटात असेंब्लीच्या सूचना लिहितात. त्यांतल्या ‘एएसएम गोटो’चे भाषांतर जीसीसी हा कंपाइलर काही ठिकाणी चुकीचे करी. ऑक्टोबर २०१३ मध्ये जीसीसीचे विकसक याकुब येलिनेक यांच्या सूचनेवरून कर्नलमध्ये तोडगा आला: अशा प्रत्येक सूचनेमागे असेंब्लीची एक रिकामी ओळ. शेजारी दोषाचा क्रमांकही नोंदला, ५८६७०. जीसीसी ४.८.२ मध्ये दोष दुरुस्त झाल्याचे मानले गेले, तरी ओळ राहिली. २०२१ मध्ये कर्नलने किमान जीसीसी ५.१ची अट घातली आणि नंतर ती ओळ काढता आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘एएसएम गोटो’चा दुसरा दोष सापडला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी जुन्या तोडग्याचा इतिहास बदलाच्या टिपणात मांडून तीच रिकामी ओळ पुन्हा घातली.