घरची मोटार आणि तिचा मिस्त्री



व्याख्यानाच्या पत्रिकेत इतिहास हा शब्द आणि त्याखाली फियाट मोटारीचे नाव पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. यंत्राचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो बहुधा कारखानदाराच्या बाजूने. कारखाना कोणी काढला, करार कोणाशी केला, पहिली गाडी केव्हा बाहेर पडली, हे सारे मिळते. ती गाडी पुढे तीस-चाळीस वर्षे कोणी व कशी चालू ठेवली, हे मात्र कोठे लिहून ठेवलेले नसते. वस्तुतः गाडी कारखान्यात राहते थोडे दिवस आणि मालकाच्या दारात जवळजवळ जन्मभर. त्या दुसऱ्या, लांबलचक काळाबद्दल मी आज बोलणार आहे.

मोटार जन्मली तेव्हाच तिची दुरुस्ती जन्मली, आणि ती करणारी पहिली व्यक्ती कारखान्यातला कारागीर नव्हती, घरातली बाई होती. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. तिचा दूरच्या प्रवासाला उपयोग होतो हे लोकांना पटेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, त्या गाडीतून गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोज्याच्या बंदाचे वेष्टन केले. उतारावर ब्रेकची लाकडी गुटके झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंधन संपले ते औषधांच्या दुकानातून घेतले. मोटारीचा मालक पुढे जे जे करीत आला ते सारे या एका प्रवासात आले आहे: हाताशी असेल ते वापरणे, दुसऱ्या धंद्यातल्या कारागिराची मदत घेणे आणि गाडी घरी आणणे.

अमेरिकेत फोर्डच्या मॉडेल टी गाडीने हीच विद्या घरोघर नेली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या. आरंभी ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी शेवटी शेवटी ३०० डॉलरच्या आत आली. ती शेतकऱ्याने आपल्या कोठारात चार पान्यांनी उघडावी अशीच रचलेली होती. इंग्लंडात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. तेथे १९२७ साली जुन्या गाड्यांची लंडन ते ब्रायटन ही दौड सुरू झाली, १९३० साली व्हेटरन कार क्लब निघाला आणि १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब. या दुसऱ्या मंडळाने १९३० नंतरची गाडी आपली नव्हे असे ठरवून टाकले. जुनी गाडी हा छंद झाला, आणि छंद म्हटला की नियम आले. स्क्रू मूळचा आहे काय, रंग मूळचा आहे काय, दिवा त्याच सालचा आहे काय! या 'मूळचा' शब्दाकडे मी पुढे येणार आहे, कारण आपल्याकडच्या घरगुती मिस्त्रीची सारी फजिती त्या एका शब्दात आहे.

आपल्याकडे वळू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत पाऊल टाकले. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध आला. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरवले की, जे येथे सुटे भाग बनवणार नाहीत, केवळ जुळणी करतील, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. त्याच वर्षी वालचंदही निवर्तले. पुढच्या वर्षाच्या सुमारास कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असत, त्यामुळे ती उलटी उघडत. तिच्या गोल नाकाडावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि ते नाव टिकले. १९६४ साली 'डिलाइट' आली, दारे सुलटी झाली. त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आत हीच गाडी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली.

नावे बदलली, इंजिन बदलले नाही. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, एकूण १०८९ घनसेंटिमीटर. हे माप १९३७ सालच्या फियाटचे, दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या काळचे. इटलीने ११०० चे उत्पादन १९६९ साली थांबवले. आपल्याकडे पद्मिनी २००० सालच्या सुमारापर्यंत निघत होती. एका अर्थी ही आमच्या परवाना-पद्धतीची नामुष्की आहे, आणि ती तशी म्हणायला मला संकोच वाटत नाही. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि मिळावे काय, तर आजोबांच्या वेळचे इंजिन! परंतु याच नामुष्कीतून एक विद्या वाढली. साठ वर्षे यंत्र तेच राहिल्यामुळे बापाने शिकलेले काम मुलाच्या उपयोगी पडले. नवी गाडी मिळत नाही म्हणून जुनी टिकवावीच लागली, आणि बाहेरचा खर्च परवडत नाही म्हणून ती रविवारी घरीच उघडावी लागली.

त्या रविवारच्या कामाचे स्वरूप सांगतो. मुख्य काम म्हणजे इंजिनाचे डोके उतरवून काजळी काढणे. रेडिएटरचे पाणी सोडायचे, कार्ब्युरेटर व नळ्या सोडवायच्या, मग डोक्याचे नट मधून बाहेर अशा ठरलेल्या क्रमाऐवजी उलट्या, म्हणजे बाहेरून मध्ये, सैल करायचे. बसवताना मात्र मधूनच आरंभ करून बाहेर जायचे, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत. नाहीतर डोके वाकते आणि गॅस्केट फुंकते. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी लाकडी अगर पितळी पट्टीने खरवडायची, पोलादाने नव्हे, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा. मग व्हॉल्व्ह घासणे. व्हॉल्व्हच्या कडेला घासण्याची पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी त्याला चिकटवायची, आणि ताक घुसळताना रवी जशी मागेपुढे फिरते तशी ती दोन तळहातांत फिरवायची. घासून झाले की डोके उलटे ठेवून व्हॉल्व्हच्या खळग्यात रॉकेल ओतायचे. थेंब झिरपला तर पुन्हा घासायचे. या परीक्षेत वशिला चालत नाही.

ठिणगीच्या पॉइंटांतली फट मिलिमीटरच्या चार-दशांशाच्या आसपास ठेवावी लागते. त्यासाठी फीलर गेज असते, पण ते घरात नसेल तर भेटीचे कार्ड मध्ये सरकवून अंदाज घेणारी मंडळी होती. व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज ऐकून फट किती वाढली हे सांगणारे मिस्त्री होते. याला अडाणीपणा म्हणावे की विद्या म्हणावी? गायकाच्या कानाला आपण जो मान देतो तो यांच्या कानाला का देऊ नये, मला कळत नाही.

बोरघाटातला प्रसंग तर फियाटवाल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वैशाखात चढावर गाडी आचके देते आणि बंद पडते. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कुशीत बसवलेला, तो तापतो. पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाचा पडदा द्रवाऐवजी वाफच ढकलीत राहतो. उपाय एकच: ओले फडके पंपावर टाकणे. माठातले पाणी ज्या नियमाने थंड होते त्याच नियमाने पंप थंड होतो. म्हणून फियाटमध्ये पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा हे हत्यारांच्या पेटीइतकेच आवश्यक सामान होते.

इंजिन मात्र सोपे. खरा शत्रू पत्रा. या गाडीला वेगळी चौकट नाही, सांगाडा आणि अंग एकच. मुंबई-कोकणच्या पावसात रबरी चटईखाली ओल राहते आणि दारांखालचे पोकळ पत्रे आतून सडतात. बाहेर रंगाचा फोड दिसतो तेव्हा आत बहुधा काही उरलेले नसते. प्रामाणिक कारागीर सडलेला भाग कापतो, नवा पत्रा ठोकून आकारात आणतो आणि वेल्डिंगने जोडतो. अप्रामाणिक कारागीर वर लांबी भरतो, घासतो, रंग मारतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत निश्चिंत राहतो. जुनी गाडी घेणाऱ्याने फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्रा नाही, लांबी आहे.

सुटे भाग येत कोठून? मुंबईच्या चोरबाजारातून, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून, पुण्याच्या नाना पेठेतून, रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारातून. जे मिळत नसे ते लेथवर करून घेतले जाई. पुढच्या चाकाच्या किंगपिनचे बुश झिजले की पितळेचा तुकडा घेऊन खरादवाल्याकडे जायचे. पण या सगळ्या बाजाराचा खरा पोशिंदा घरचा मालक नव्हता, टॅक्सीवाला होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक सगळ्या फियाट. त्या रोज झिजत, म्हणून भाग रोज खपत, आणि खपत म्हणून बनत. घरातल्या गाडीला गॅस्केट स्वस्त मिळे ते टॅक्सीवाल्याच्या कृपेने. ऋत्विक घटक यांच्या १९५८ च्या 'अजांत्रिक' चित्रपटातही जुनाट शेव्हरोलेवर जीव टाकणारा नायक टॅक्सीवालाच आहे, शौकीन जमीनदार नाही, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आता त्या 'मूळच्या' शब्दाकडे येतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळे नियम केले. वीस हजार रुपये नोंदणीशुल्क, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, आणि मुख्य अट ही की, गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, तिच्यात मोठे फेरफार नसावेत. नियम चांगल्या हेतूने केला आहे, यात शंका नाही. पण त्यामागचा आदर्श विलायती छंदाचा आहे. जेथे भाग मिळत होते, गॅरेज कोरडे होते आणि गाडी वर्षातून एकदा बाहेर निघत होती, तेथला आहे. आमच्या घरच्या फियाटचा डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आलेला असतो, बुश खरादवाल्याचे असतात, दाराखालचा पत्रा दोनदा बदललेला असतो. तिने रोज माणसे कचेरीत नेली, म्हणूनच ती अशी झाली. काचेआड राहिलेल्या गाडीपेक्षा तिच्यात इतिहास अधिक आहे, कमी नाही, असे माझे मत आहे. अर्थात याचा अर्थ कोणतेही इंजिन कोठेही बसवावे असा नव्हे. दुरुस्ती आणि विटंबना यांत भेद आहे, आणि तो भेद चांगल्या मिस्त्रीला कळतो.

नवी संकटेही आहेत. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकी शिशामुळे झिजण्यापासून वाचत, त्या आता कठीण धातूच्या करून घ्याव्या लागतात. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळू लागले. ते ओल शोषते आणि जुने रबर खाते. म्हणून नळ्या, पंपाचा पडदा, सारे नव्या जातीच्या रबराचे बसवणे भाग आहे. ही दुरुस्ती केली नाही तर गाडी पेटू शकते. येथे 'मूळचा' भाग ठेवणे हा वेडेपणा ठरेल.

मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २००८ साली पंचवीस वर्षांवर आणि २०१३ साली वीस वर्षांवर आणले गेले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती; तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि तीस तारखेपासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. निदान एक तरी पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. ती मान्य झाली नाही. मान्य झाली असती तर तिच्यापाशी एक पाटी लागली असती, आणि त्या पाटीवर कुर्ल्याच्या कारखान्याचे नाव आले असते, फियाटचे आले असते, कदाचित जाकोसांचेही. तिचे डोके कोणी कोणी आणि किती वेळा उतरवले, हे लिहायला मात्र कोणाजवळ कागद नाही. ते विचारावे अशी माणसे नाना पेठेत आणि कुर्ल्यात अजून आहेत, आणि त्यांचे वय झाले आहे.