दीडशे मर्सिडीज, पंधरा वर्षांनंतर

मंडळी, आज जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या औरंगाबादेत (तेव्हा नाव तेच होतं) एका दमात १५० मर्सिडीज गाड्यांचा सौदा झाला. रक्कम सुमारे ६५ कोटी. उद्योजक, बिल्डर, डॉक्टर, वकील अशा मंडळींनी गट करून कंपनीशी घासाघीस केली आणि देशभरातल्या पेपरांनी पहिल्या पानावर बातमी घेतली. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि टँकर, एवढंच माहीत असलेल्यांना धक्का बसला. गट करणाऱ्यांचा हेतूही तोच होता, शहराचं नाव नकाशावर यावं. आलं.

तेव्हा वादही झाला. या गाड्यांसाठी स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी डिसेंबरात ‘द हिंदू’मध्ये लिहिलं आणि याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर यापेक्षा कितीतरी जास्त व्याज भरावं लागतं, हे समोर ठेवलं. तो लेख अजूनही अधूनमधून फिरतो.

पुढे मात्र विषय थांबला. त्या गाड्यांचं नंतर काय झालं, हे माझ्या तरी कुठे वाचनात आलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना १५ वर्षं झाली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे ज्या अजून रस्त्यावर आहेत, त्या सगळ्यांना आरटीओची पायरी पुन्हा चढणं आलं. आणि बहुतेक गाड्या आज पहिल्या मालकाकडे नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अशा गाडीचा पहिला मालक चार-पाच वर्षांत नवी घेतो. तिचं खरं आयुष्य दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातं, तालुक्याच्या गावात, पत्र्याच्या शेडखाली.

आता जरा मागे जाऊ, कारण मर्सिडीजचा तारा आपल्याकडे २०१० ला आलेला नाही. तो आला ट्रकवर.

१९५४ मध्ये टेल्को आणि जर्मनीच्या डायम्लर-बेंझचा १५ वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असायचा. जुने ड्रायव्हर त्याला ‘टाटा-बेंझ’ म्हणायचे. १९६९ ला करार संपला, तारा गेला, टाटांचा ‘टी’ आला. म्हणजे आपल्या आजोबांनी मर्सिडीज पाहिली ती कांद्याची, सरकीची आणि उसाची.

दुसरी गोष्ट आणखी मजेची आहे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने (आजची फोर्स मोटर्स) १९८० च्या दशकात मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाचं लायसन्स घेतलं. २.४ लिटर, चार सिलिंडर, पंप पूर्ण मेकॅनिकल. हे इंजिन मूळचं मर्सिडीज २४० डी या कारचं. जर्मनीत टॅक्सीवाले ती कार लाखो किलोमीटर पळवायचे. तेच इंजिन आपल्याकडे ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये बसलं. वडापच्या ज्या ट्रॅक्समध्ये आपण चौदा-पंधरा जण कोंबून बाजाराला गेलो, टपावर कोंबड्यांची डाल आणि मागे लोंबकळणारा क्लीनर, त्या ट्रॅक्सच्या बॉनेटखाली मर्सिडीजचं घराणं होतं. कुणाला सांगितलं तर हसतात, पण खरं आहे.

ही माहिती मी गंमत म्हणून देत नाही. त्या इंजिनावर आपल्याकडच्या मिस्त्री लोकांची एक पिढी घडली. बसस्टँडमागे गॅरेज असलेले आमचे मिस्त्रीमामा आता साठीच्या पुढे आहेत. ट्रॅक्सचं इंजिन त्यांनी किती वेळा उघडलं याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. हेड उतरवायचं, गॅस्केट बदलायचं, नोझल पंपवाल्याकडे दाबून आणायचे, टॅपेट लावायचे. कानावर काम. पुस्तक नाही, कॉम्प्युटर नाही. सुटा भाग जालना नाहीतर औरंगाबादला मिळायचा, नाही मिळाला तर लेथवाल्याकडून करून घ्यायचा. जर्मन डोक्याचं इंजिन आमच्या गावाने पाना आणि ग्रीस यांच्या जोरावर आपलंसं केलं होतं.

कार म्हणून मर्सिडीज आली ती नंतर. १९९४ मध्ये कंपनीने टेल्कोबरोबर भागीदारीत भारतात पाय ठेवला आणि १९९५ पासून पिंपरीच्या टेल्को कारखान्यात डब्ल्यू १२४ जातीची ई-क्लास जोडली जाऊ लागली. पेट्रोल ई २२० आणि डिझेल ई २५०. शौकीन लोक आजही ती शोधत फिरतात, कारण तिच्यातलं बरंच काही हाताने दुरुस्त होतं. २००९ ला कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी आपला १५० चा सौदा.

पण पिंपरीची गाडी आणि चाकणची गाडी यांच्यात पिढीचं अंतर आहे. मधल्या काळात कारमध्ये कॉम्प्युटर शिरला. एक नाही, डझनावारी. गिअरबॉक्सला वेगळा, ब्रेकला वेगळा, दरवाजाला वेगळा, सीटला वेगळा. हे सगळे एकमेकांशी बोलतात आणि एक रुसला की बाकीचे डॅशबोर्डवर दिवे लावून मोकळे होतात. महागड्या मॉडेलमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे आले. दहा-बारा वर्षांत त्या फुग्याचं रबर चिरतं, रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसते. तशीच चालवत राहिलात तर हवा भरून भरून कॉम्प्रेसर जळतो. म्हणजे एका फुग्याचं काम दोन वस्तूंवर जातं.

आमच्या एका मित्राने अशी एक जर्मन गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, मुद्दा तो नाही. मित्राचं कृषी सेवा केंद्र आहे. गाडी २०११ ची, डिझेल, दिल्लीहून आणलेली. दिल्लीहूनच का, यालाही इतिहास आहे. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली आणि आसपास १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथल्या श्रीमंतांच्या ठणठणीत गाड्या कागदावर म्हाताऱ्या झाल्या आणि एनओसी घेऊन देशभर निघाल्या. गेल्या वर्षी जुलैत बातमी आली होती, एका गृहस्थांनी ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज अडीच लाखांना विकली. त्याच महिन्यात दिल्लीच्या पंपांवर जुन्या गाड्यांना इंधन बंद करण्याचा प्रयत्न झाला आणि काही दिवसांत गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं. पण तोवर हजारो गाड्या दुसऱ्या राज्यात पोचल्या होत्या.

आमच्या मित्राला ती साडेपाच लाखांना पडली. नवी असताना पंचेचाळीसच्या घरात होती. लोक म्हणाले, स्विफ्टच्या पैशात साहेबाची गाडी! मग महाराष्ट्रात नोंदणी. इथे पहिला झटका, कारण रोड टॅक्स तुम्ही दिलेल्या किमतीवर बसत नाही. तो नवेपणीच्या किमतीवरून काढतात आणि वयाप्रमाणे वजावट देतात. मग टायर. मग बॅटरी. मग लोअर आर्म आणि बुश, कारण आमच्या गावात यायचा शेवटचा बारा किलोमीटरचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे (त्यावर वेगळी पोस्ट लिहिलेली आहे, सार्वजनिक बांधकामवाल्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही). वर्षभरात दोन लाख गेले. तरी तो खूश होता. खोटं का बोला, मीही बसलोय त्या गाडीत. शंभरच्या वेगाला दार लावलेल्या देवघरासारखी शांत.

मग एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती भर चौकात बंद पडली. बंद म्हणजे चावी लावली तर काहीच नाही. दिवाही नाही. मिस्त्रीमामा आले, बॉनेट उघडलं, पाहिलं आणि हात पुसत उभे राहिले. म्हणाले, “शेठ, इंजिनला काही झालेलं नाही. हिला वाटतंय आपण चोर आहोत.”

अक्षरशः तसंच होतं. स्टिअरिंगच्या कुलपात बोटाएवढी छोटी मोटर असते. ती जळाली. कुलूप उघडत नाही म्हणून कॉम्प्युटर गाडी चालू होऊ देत नाही. मोटरची किंमत काही शे रुपये. पण कुलूप चोरीप्रतिबंधक यंत्रणेचा भाग. नवं बसवलं तर ते त्या गाडीच्या चावीशी जुळवावं लागतं, आणि ते काम कंपनीच्या यंत्रावर, कंपनीच्या सर्व्हरला जोडूनच होतं. शोरूमचा अंदाज पावणेदोन लाखांचा, गाडी उचलून न्यायचे वेगळे. शेवटी पुण्याच्या एका पोराने लॅपटॉप आणून कुलपाच्या जागी नकली चिप बसवली आणि बावीस हजारांत काम झालं. मिस्त्रीमामा पूर्ण वेळ त्याच्या खांद्यावरून बघत होते.

नंतर चहा घेताना ते मित्राला म्हणाले ते मला विसरता येत नाही: “शेठ, गाडी तुमची पाच लाखांची झाली, पण तिच्या पार्टला कुणी सांगितलंच नाही.”

जुनी महागडी गाडी बाळगण्याचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. विकत घ्यायची किंमत दरवर्षी पडते, दुरुस्तीची पडत नाही. गाडी पाच लाखांची असली तरी हेडलाइट पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. त्यात इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशनचा विमा सहसा मिळत नाही, म्हणजे एक म्हैस आडवी आली तर खर्च खिशातून. जाणकार लोक वाट काढतात. कंपनीच्या डब्यातला पार्ट आणि तोच बनवणाऱ्या बॉश, सॅक्स किंवा लेमफर्डरच्या डब्यातला पार्ट यांच्या किमतीत मोठा फरक असतो, माल बहुतेकदा एकाच कारखान्यातला. ते नाही परवडलं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं मायापुरी. तिथे मेलेल्या गाड्यांचे अवयव जिवंत गाड्यांना मिळतात. पण कॉम्प्युटरला जोडलेला जुना भाग नव्या गाडीत नुसता बसवून चालत नाही, हे आपण पाहिलं.

हा प्रश्न पैसेवाल्यांचा आहे, आपल्याला काय, असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. त्यांच्यासाठी पुढचं. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली की कार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यात मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू होत्या, तशा मारुती, टाटा आणि महिंद्राही होत्या. म्हणजे तुमची-आमची गाडीसुद्धा त्याच यादीत. कंपन्या अपिलात आणि कोर्टात गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल आलं. समितीने चार क्षेत्रं धरली. वाहनं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि शेती अवजारं. मर्सिडीज आणि ट्रॅक्टर २०१० मध्ये व्याजदरावरून भांडत होते, इथे एकाच रांगेत उभे आहेत. नवे ट्रॅक्टर बघा, त्यांच्यातही सेन्सर आणि कंट्रोल युनिट आलंच आहे. पेरणीच्या दिवशी तो चौकातल्या त्या गाडीसारखा गप्प बसला तर मिस्त्रीमामांनी काय करायचं? यावर स्वतंत्र कायदा मात्र अजून झालेला नाही.

भंगार धोरण मात्र २०२१ लाच आलं आणि त्याची शुल्कंही झटपट लागू झाली. १५ वर्षांनंतर कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी आधी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. २० वर्षांवरच्या कारला गेल्या ऑगस्टपासून १०,०००. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपल्यावर उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं, गाडी तपासणीत पास झाली तर. याला माझी हरकत नाही, धूर ओकणारी गाडी बंदच व्हावी. पण गाडी जुनी झाली म्हणून फी वाढवायला सरकारला वेळ आहे आणि ती दुरुस्त करणाऱ्याला स्कॅनर मिळावा यासाठी नाही, हे काही पटत नाही.

मित्राच्या गाडीची मुदत या वर्षी संपते. त्याने विकायचं काढलं होतं, गिऱ्हाईक सव्वादोनच्या वर जाईना. शेवटी ठेवायचं ठरवलं. मिस्त्रीमामांच्या नातवाने मध्यंतरी औरंगाबादला जाऊन स्कॅनरचं काम शिकून घेतलं, सेकंडहँड मशीनही आणलंय. फाटक्या चामड्याच्या सीटवर बसून तो एरर कोड मोठ्याने वाचतो आणि आजोबा अर्थ लावतात. तपासणीआधीचं काम सध्या त्यांच्याकडेच चालू आहे.

आता तुमच्याकडून एक हवंय. २०१० च्या त्या १५० पैकी एखादी गाडी तुमच्याकडे, पाहुण्यात किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये असेल तर इनबॉक्स करा. कितवा मालक, किती किलोमीटर, नोंदणी वाढवली का आणि सगळ्यात मोठं बिल कशाचं झालं, एवढं कळवा. नंबर प्लेट झाकून फोटो पाठवला तरी चालेल. दहा-बारा गाड्यांची माहिती जमली की पुढचा भाग लिहितो.