पेगआजीचं बेट

आज आम्ही तुम्हाला आयर्लंडच्या पार पश्चिम टोकाला नेतोय. तिथे गावाहून लहान अशा जमिनीच्या तुकड्यालाही स्वतःचं नाव असतं. त्याला टाउनलंड म्हणतात. आपली वाडी किंवा शिवार म्हणा ना. अशी ६० हजारांहून जास्त नावं त्या देशात आहेत. त्यातलंच एक केरी जिल्ह्यासमोरचं बेट, ग्रेट ब्लास्केट.

तिथे एकेकाळी दीडशेवर माणसं राहायची. दुकान नाही, डॉक्टर नाही, पाद्रीसुद्धा नाही. खायला बटाटे आणि मासे. चुलीला दलदलीतली माती कापून, वाळवून केलेलं जळण. ते गाढवांच्या पाठीवर टोपल्यांतून डोंगरावरून आणायचं. होडी म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं, डांबर फासलेलं कापड!

या बेटावर पेग सेयर्स सून म्हणून आली. जन्म १८७३चा, समोरच्या किनाऱ्यावरच्या डनक्विनचा. लहानपणीच ती डिंगल गावात लोकांच्या घरी कामाला लागली. मैत्रीण अमेरिकेला गेली, तिकिटाचे पैसे पाठवते म्हणाली. पण तिच्या हाताला दुखापत झाली, पैसे काही आले नाहीत. मग १८९२ मध्ये लग्न. घरी तीन पुरुष आले, त्यातला नवरा कोणता हेही आपल्याला ठाऊक नव्हतं, असं पेगनंच सांगून ठेवलंय.

काही मुलं लहानपणीच गेली. एक तरणा मुलगा कड्यावरून पडला. त्याचा देह तिनं स्वतःच्या हातांनी धुतला. उरलेली अमेरिकेला गेली.

संध्याकाळी शेजारीपाजारी तिच्या चुलीजवळ जमायचे आणि आजी गोष्टी सांगायची. तिला मातृभाषा लिहिता येत नव्हती. तिनं सांगायचं आणि मुलानं लिहायचं, असं तिचं आत्मचरित्र १९३६ मध्ये छापलं. लोककथा गोळा करणाऱ्यांनी तिच्याकडून शेकडो गोष्टी उतरवून घेतल्या. पुढे ते पुस्तक शाळेत लावलं आणि पोरांनी आजीच्या नावानं बोटं मोडली. आता यात तिचा काय दोष, सांगा!

तरुण माणसं निघून जात होती. होड्या वल्हवायला हात कमी पडू लागले. १९४२ मध्ये पेगआजीही किनाऱ्यावर परतली. जानेवारी १९४७ मध्ये बेटावरचा एक तरुण आजारी पडला. समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचू शकला नाही, पोरगा गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळात अडकलेल्या लोकांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली, की खायला काही उरलं नाही. तरी बेट रिकामं व्हायला नोव्हेंबर १९५३ उजाडला.

पेगआजी १९५८ मध्ये डिंगलच्या दवाखान्यात वारली. शेवटी तिला दिसत नव्हतं. तिची कबर डनक्विनला, माहेरच्या मातीत आहे.