टारँटुला: भीती कशाची धरायची?

मोठा केसाळ कोळी पाळायचा म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "चावला तर?" हा प्रश्न काही शतके जुना आहे. त्याचा इतिहास माहीत असेल तर काळजी कुठे घ्यायची हेही कळते.

दक्षिण इटलीत तारांतो नावाचे बंदर आहे. त्या भागात पंधराव्या शतकाच्याही आधीपासून असा समज होता की शेतात कोळी चावला तर माणूस खिन्न होतो आणि वाद्यांच्या तालावर तासन्‌तास नाचला तरच बरा होतो. दोष दिला गेला तिथल्या एका मोठ्या कोळ्याला. गावावरून त्याला टारँटुला म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याचे विष सौम्य असते. जे खरोखर आजारी पडत, त्यांना बहुधा त्याच शेतातला 'काळी विधवा' गटातील छोटा कोळी चावलेला असे. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले आणि तिथल्या केसाळ कोळ्यांनाही त्यांनी तेच नाव दिले. नावाबरोबर भीतीही गेली.

या अमेरिकी कोळ्यांचा चावा बहुतेकदा गांधीलमाशीच्या डंखाइतकाच असतो. त्रास देतात ते पोटावरचे बारीक केस. कोळी घाबरला की मागच्या पायांनी ते उडवतो. इंग्लंडमधील लीड्स येथे २००९ मध्ये एका रुग्णाचा डोळा तीन आठवडे लाल होता. अँटिबायोटिक थेंबांनी उतार पडेना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केस रुतलेले दिसले. टारँटुलाची काचपेटी साफ करताना ते उडाले होते.

भारतीय टारँटुलांना असे केस नसतात, पण काहींचा चावा जड जातो. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या 'पोएसिलोथेरिया' गटातील कोळी चावल्यास स्नायूंत पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. याच गटातला निळा कोळी आंध्रातील गुत्ती येथे सापडला. १८९९ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि नंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला. आज तो नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, तरी जगभर पाळला जातो. म्हणून रानातला कोळी पकडून आणू नका. आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीतील प्राणी पाळायचा असल्यास वनखात्याच्या नियमांनुसार नोंदणी लागते.

२०१२ मध्ये आसाममधील सदिया भागात कोळी चावण्याची मोठी घबराट पसरली. दोघांचे मृत्यू कोळ्याच्या नावावर गेले. पण रुग्ण आधी मांत्रिकाकडे गेले होते, तिथे जखमा ब्लेडने चिरल्या होत्या. त्यामुळे विषाने नुकसान किती झाले आणि उपायाने किती, हे सांगणे अवघड झाले.

आठ पायांच्या प्राण्यांत महाराष्ट्राला खरा धोका लाल विंचवाचा. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवला, १९८६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि अनेक जीव वाचले. वाशिम असो की रिसोड, विंचू चावला तर थेट दवाखाना गाठा.

टारँटुला पाळणारच असाल तर एवढे पाळा:

- पहिल्यांदा पाळताना जमिनीवर राहणारी, शांत जात निवडा. मादी वीस वर्षेही जगते, हे आधी लक्षात घ्या.
- हातावर घेऊ नका. थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटू शकते.
- पेटी साफ करताना चष्मा आणि हातमोजे घाला, चेहरा लांब ठेवा, नंतर हात धुवा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.
- पाठीवर उताणा पडला तर मेला समजू नका. तो बहुधा कात टाकत असतो, त्याला हलवू नका.
- डोळ्यात केस गेल्याची शंका आली तर चोळू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- चावल्यास साबण-पाण्याने धुवा. चिरू नका, आवळून बांधू नका. पेटके, धाप किंवा अंगभर गांधी उठल्यास लगेच रुग्णालयात जा.

आणि डॉक्टरांना न लाजता सांगा, "माझ्या घरी टारँटुला आहे." लाल डोळ्याचे कारण त्या एका वाक्यातून लवकर सापडू शकते.